जिन्यासकट क्षेत्रफळ

तुम्हाला सांगतो, गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्यानं बिल्डरच्या मुलीला क्षेत्रफळ शिकवायला जाऊ नये. मी कोथरूडला आठवीच्या मुलांना शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून गायत्रीला उदाहरण घातलं: दिवाणखान्याच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर तीनास दोन, लांबी पंधरा फूट, तर क्षेत्रफळ किती? तिनं रुंदी बरोबर दहा फूट काढली आणि उत्तर लिहिलं, दोनशे चौरस फूट.

"अगं, पंधरा दाहे दीडशे. वरचे पन्नास कुठून आणलेस?"

"सर, जिना आणि लिफ्ट नको का धरायला? बाबा धरतात."

तिच्या बाबांच्या बिबवेवाडीच्या स्कीममध्ये मी नुकताच फ्लॅट बुक केला होता! तेवढ्यात ते तिला न्यायला आलेच. मी त्यांना उत्तर दाखवलं, तर ते लेकीवर उखडले.

"गायत्री, परीक्षेत खरं क्षेत्रफळ लिहायचं असतं, कळलं?"

मी चाचरत विचारलं, "अहो, आणि माझ्या फ्लॅटचं?"

त्यांनी शांतपणे स्कूटरला किक मारली.

"सर, आपली कुठे परीक्षा आहे?"