नव्या इंजिनाची ओळख

विमान पाळणं म्हणजे काय असतं, ते माझ्या बायकोला, कुसुमला विचारा. माझं चौघं बसतील एवढं छोटं विमान जुहूच्या विमानतळावर असायचं आणि रविवार त्याच्या देखभालीतच जायचा. काम झालं की एक फेरी मारून मी दादरच्या किनाऱ्यावरून परतायचो. शिवाजी पार्कच्या घरात कुसुम त्याचा आवाज ओळखायची आणि भात टाकायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिचा दादा मोर्चाला गेला, तो घरी आलाच नाही. तेव्हापासून कुणाला उशीर झाला की तिचा जीव थाऱ्यावर नसे.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी विमानाचं जुनं पिस्टन इंजिन काढून टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं जेटच्या जातीचं इंजिन, बसवून घेतलं. पहिली फेरी मारून खुशीत घरी आलो, तर ही गॅलरीत उभी, चेहरा पांढराफटक.

"अगं, मघाशीच वरून गेलो की मी."

"कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं," ती म्हणाली. "तुमची घरघर नव्हती ती. मला वाटलं, तुम्ही पडलात कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी तिला जुहूला नेलं, लांब उभं केलं आणि इंजिन सुरू केलं. वेग कमी-जास्त करून त्याचे सगळे आवाज ऐकवले. कानांवर हात न ठेवता, डोळे मिटून ती ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने तिने बंद करायची खूण केली.

मी खाली उतरलो, तेव्हा म्हणाली, "बास. आता झोपेतसुद्धा ओळखीन याला."