मागच्या पट्ट्यातले चाळीस

नाही हो मॅडम, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कधीचा डुगडुगतोय — इथे बाकावर बसा, मी खुरपी-बिरपी बाजूला करतो. हां. तर तुम्ही म्हणत होतात, चाळीस माणसं. रोज संध्याकाळी पाच ते सहा, मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात, चाळीस. वहीत तसंच आहे ना? मग आहेत की. अक्षर माझंच आहे, मी कशाला नाही म्हणू? बागेचा राखणदार मी, माळी मीच, एकोणीस वर्षं झाली, आणि ऑफिसनं हे मोजायचं यंत्र दिल्यापासून मोजणीदारही मीच. हे बघा, मुठीत मावतं, अंगठ्यानं दाबलं की आकडा एकानं पुढे. सकाळी पुढच्या मैदानात मोजायचं, संध्याकाळी मागच्या पट्ट्यात, माणूस आला की दाब, आणि सुटताना आकडा वहीत. यात चुकायला जागा कुठे आहे? म्हणजे — आहे थोडी. पाणी देऊ?

काय म्हणालात? साऱ्या बागांत वापर वाढलेली पहिल्या नंबरची जागा — आमचा पट्टा? आणि म्हणून तिथे जॉगिंग ट्रॅक. लाल, रबरी. पट्टा खणून, भिंत मागे सरकवून. मग तिथला तो कठडा... हो, नकाशात नसणारच तो, मी लावलाय. जुनी घसरगुंडी मोडीत निघाली ना, तिचे पाइप. कशाला म्हणजे — असंच, भिंत ओकीबोकी दिसत होती. आणि काम किती दिवस चालणार? आठ महिने. पट्टा आठ महिने बंद.

नाही नाही, आनंदच झालाय मला, तोंडच असं आहे माझं. पण मी म्हणतो, त्या चाळीस जणांना धावायचंय का, हे कुणी विचारलंय का? मी विचारू म्हणता? मी विचारायला हरकत नाही, पण चाळीसही जण एकच उत्तर देतील बघा, एका सुरात, आणि ते मला आत्ताच ठाऊक आहे. कसं काय म्हणजे — एकोणीस वर्षं राहिलोय मी या बागेत, माणसं ओळखतो.

बघू तो कागद. अच्छा, हा आलेख होय. सुरेख काढलाय, रंगसुद्धा भरलाय. पहिल्या दिवशी तीन — बरोबर, तीनच, आणि तिसऱ्याला मध्येच बसली. बसले. बसले लोक. मग सात, मग बारा, हं, मग अठरा — आणि इथे एकदम पाच, खाली तुम्ही काय लिहिलंय, ‘पावसाचा परिणाम’? छे हो, पाऊस कुठला, ताप होता तिला. आणि हा दुसरा खड्डा, तेव्हा माझी बहीण राहायला आली होती, दोघी गप्पांना बसल्या की उठतंय कोण. आणि हे बघा, हे सपाट, वीस, वीस, वीस, आठवडाभर वीस. भांडण झालं होतं आमचं. मी म्हटलं, आज एकविसावा घाल, तर म्हणते, एवढी हौस आहे तर तुम्हीच घाला.

...

हसू नका, मॅडम. बरं, हसा. आता लपवून काय उपयोग, तोंडातून गेलंच आहे. चाळीस माणसं नाहीत ती. चाळीस फेरे आहेत. एकाच बाईचे. माझ्या बायकोचे.

गेल्या वर्षी झटका आला तिला, उजवी बाजू गेली. घरात भिंत धरून उभी राहायची आणि रडायची, आणि मला रडताना बघितलंत म्हणून पुन्हा माझ्यावरच चिडायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज चालवा, आणि फेरे मोजा. तर ही दोन घालायची आणि सहा सांगायची. खोटारडी नाही हो, कंटाळायची बिचारी. तिला धरायला म्हणून कठडा केला, आणि मोजायला — यंत्र होतंच हातात. पाच ते सहा मला त्या पट्ट्यात उभं राहायचंच होतं, तिथे चिटपाखरू नसायचं, वहीत रोज शून्य. म्हटलं अंगठा तरी का रिकामा बसवायचा. पहिल्या दिवशी तिचे तीन फेरे झाले, आणि सुटताना मी सवयीनं यंत्रावरचा आकडा वहीत उतरवला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. खोडायला पेन हातात घेतलं, आणि खोडवेना. त्या तीनसाठी आम्ही दोघांनी चार महिने जीव काढला होता, मॅडम, तो आकडा मी माझ्या हातानं खोडू?

मग रोज लिहीत गेलो. बरं वाटायचं लिहायला. ऑफिसात कोण वाचतंय, असं वाटलं. तुम्ही निघालात वाचणाऱ्या.

आता तुम्हीच सांगा काय करायचं. चाळीस ठेवलेत, तर पट्टा खणणार. एक लिहिलात, तर तिथे गाड्या उभ्या राहणार — जुन्या आराखड्यात होतंच की ते, मला माहीत आहे. लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, मी बायकोच्या पायावर मारला. महिनाभर खंड पडला तर पुन्हा तीनपासून सुरुवात, असं त्या व्यायामाच्या बाईंनी बजावलंय. आणि पुढच्या मैदानात तिला कुठे नेऊ, तिथे चेंडू डोक्यावरून जातात आणि धरायला काही नाही.

आं? दुसरं कुणीच येत नाही का? येतात की. शिंपीबुवा येतात, गुडघा बदललाय त्यांचा, त्यांनीच तर मागे लागून कठडा दोन हात वाढवून घेतला. हेडमास्तर येतात, ते काठी माझ्या खोलीत ठेवतात आणि कठडा धरून चालतात, सुनेला सांगतात की बिनकाठीचा फिरून आलो. पोस्टातल्या बाई आहेत, त्यांच्या सासूबाई आहेत, एक पोटुशी पोरगी येते कंबर धरून, एक चष्मेवाले आहेत, त्यांना कमी दिसतं, ते पाइपवर हात ठेवून झपाझप जातात. नऊ-दहा होत असतील. वहीत? वहीत नाहीत ते. त्यांना कसं मोजणार, माझा अंगठा हिच्यात अडकलेला ना.

असं कपाळाला हात लावू नका. म्हणजे खरी माणसं राहिली आणि — हो, कळलं मला, आत्ता तुम्ही तोंड असं केलंत तेव्हा कळलं.

पाच वाजत आले. एक करता का? आज तुम्हीच मोजा. हे घ्या यंत्र, शून्यावर आणलंय. झाडाखालच्या बाकावर बसा, फाइल मांडीवर ठेवा, कुणाची तरी वाट बघताय असं दाखवा, कारण हिच्याकडे कुणी टक लावून बघितलं की पाऊल अडखळतं. जे दिसतील ते लिहा, कठड्यासकट लिहा. दहा तर दहा. आणि हा आलेख — तो आता खोटाच ठरला, तुम्ही टाकूनच देणार, तर मला द्याल? भिंतीला लावेन. तिला सांगेन, ही तू.

आणि हे बघा, ताई, ती निळी साडी दिसली की एकदाच दाबायचं. एकदा. पुढे कितीही वेळा समोरून गेली तरी अंगठा हलवायचा नाही. माझ्याच्यानं ते होणार नाही, म्हणून तर तुमच्या हातात देतोय. तिचे बाकीचे मी मनात मोजतो. काल एक्केचाळीस झाले, वहीत चाळीसच लिहिले, म्हटलं फार दिसायला नको.

जा आता. बोलू नका. फाटक वाजलं.