बदी पंचमी

(चांदूर बाजार. वामनराव जोश्यांची ओसरी. पार्वताबाई आणि तिची विधवा सून कौशल्या पार्वताबाईच्या मुलाच्या, पुंजारामच्या, वर्षश्राद्धाचं भटजींना सांगायला आल्या आहेत. वामनरावांच्या हातात गेल्या साली आलेली चिठ्ठी आहे.)

वामनराव : ही चिठ्ठी मला तेव्हाच का नाही दाखवलीत, पार्वताबाई?

पार्वताबाई : पौषात आली तवा पाटलानं वाचून सांगतली होती नं. पुंजाराम कापसाच्या गाड्या घेऊन मलकापूरले गेला, तिथंच पटकीनं गेला. मार्गशीर्ष वद्य पंचमी. उद्याच हाय.

वामनराव : इथं 'मार्गशीर्ष बदी पंचमी' आहे. बदी म्हणजे वद्यच, पण लिहिणारा मुनीम मारवाडी.

पार्वताबाई : असो नं मारवाडी. पंचमी ते पंचमीच.

वामनराव : पंचमी तीच, महिना वेगळा. आपला महिना अमावास्येला सरतो, त्यांचा पुनवेला. कार्तिकी पुनव झाली की त्यांना मार्गशीर्ष लागतो.

पार्वताबाई : आन् आपल्याले?

वामनराव : आपला कार्तिकच, आणखी पंधरा दिवस.

पार्वताबाई : आभायात चांद तर एकच हाय. त्यायचा महिना पुढं कसा जाते?

वामनराव : चंद्र एकच, मोजणं दोन. तुमचा पुंजाराम गेला तो आपल्या कार्तिक वद्य पंचमीला. ती तिथी महिन्यामागंच होऊन गेली.

पार्वताबाई : मंग उद्या कोणाचं श्राद्ध?

वामनराव : उद्या नको. चुकलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं.

कौशल्या : महाराज, म्या बाजारात चुडा भरला, त्या रोजी मार्गशीर्षातली पंचमी होती. आपली.

पार्वताबाई : हो. पोरगा तिकडं मरून राहिला न् हे इकडं हिरव्या बांगड्या भरून राहिली. वर्सभर बोलली मी हिले.

कौशल्या : म्हणजे तवा त्यायले जाऊन महिना झाला होता?

वामनराव : हो, सुनबाई.

कौशल्या : मंग तो चुडा म्या कोणाच्या नावानं भरला?

वामनराव : कळेपर्यंत तुम्ही सवाशीणच. शास्त्र कळल्यापासून धरतं.

कौशल्या : शास्त्राचं ठीक हाय. मलेच समजून नाही राहिलं, हे बरं झालं का वाईट.

पार्वताबाई : मलेबी नाही. तुले मात्र मी उगाच बोलली, कौसल्ये.

कौशल्या : राहू द्या, आत्याबाई.

पार्वताबाई : गेल्या साली कार्तिकातल्या त्या पंचमीले आपण काय करून राहिलो होतो वं?

कौशल्या : चतुर्थीचा उपास सोडला न् दुसऱ्या रोजी पुढची वेचणी लागली. तुमी न् मी शेजारी शेजारी होतो.

पार्वताबाई : काही बोललो असन.

कौशल्या : लहानपणी ते गोठ्यात बैलापाशीच झोपले न् सारं गाव त्यायले हुडकत होतं, ते तुमी सांगतलं. हासता हासता दोघीयच्याबी ओटीतला कापूस सांडला होता.