सुकेळ्यांच्या मशीनचा मुकादम

कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! एकानं म्हणून नाही! तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं केळी सोलली या हातांनी, राजेळी केळं नुसतं दाबून सांगेन आज सोलायचं की परवा, आणि याच हातानं मी सांगितलं की बाबांनो, हे मशीन तापतंय, दुपारी बाराला तापतंय, दाराला हात लावा, भाजतंय... तर काय म्हणाले? "जुलियाना, स्क्रीनवर साठ दाखवतंय." साठ दाखवतंय! अरे, दाखवू दे की! माझा नवरासुद्धा ऐकतोय असं दाखवतो!

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कुठून सुटली. आमच्या वसईकडच्या सांडोरला सुकेळी करतात, म्हणजे राजेळी केळी सोलून वाळवायची, मधासारखी होतात, खाल्ली नसतील तर जन्म फुकट. पूर्वी उन्हात वाळवायचो, आठ-आठ दिवस, कावळा हाकल, मुंगी झटक, संध्याकाळी उचल, सकाळी पसर, कंबरेचा काटा ढिला. मग आमच्या बायकांच्या गटानं मशीन घेतलं. कपाटाएवढं, आत जाळ्यांचे खण, खाली शेगडी, मागं पंखा, आणि दारावर एवढासा कॉम्प्युटर! साठ डिग्री झाले की तो शेगडी बंद करणार, खाली आले की चालू करणार. आणि मशीन ठेवलंय त्या शेडची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे! कारण केळ्याची नाडी मला कळते. शिक्षण चौथी, पण केळं काय सर्टिफिकेट बघून पिकतं का?

हेच प्रिस्काच्या पोटात दुखायचं. प्रिस्का म्हणजे आमच्या गटाची अध्यक्ष. बारावी झालीय, आणि ती बारावी अजून गळ्यात घालून फिरते. पहिली खेप काळी पडली, नाक मुरडलं. दुसरी पडली, ओठ मुडपले. तिसरी तर कोळसा, दगड, कुत्र्याला टाकलं तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की बाई, मी काय बिघडवलं तुझं? मी प्रिस्काला म्हटलं, अगं, बाराची घंटा झाली ना चर्चची, की आत भट्टी होते, चाळीसेक मिनिटांनी परत शहाण्यासारखं वागतं. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, असा आवाज काढून, "जुलियाना, या वयात आपल्या बायकांना गरम वाटतंच गं. डॉक्टरला दाखव." मला! मला गरम वाटतं म्हणून केळी करपली? एवढी ऊब असती माझ्यात तर मशीन कशाला घेतलं, मलाच शेडमध्ये बसवलं असतं!

बरं, पुरावा द्यावा म्हणून घरातला तापाचा थर्मामीटर आत ठेवला, तर तो फुटला. आमचे ऑगस्टीन, म्हणजे आमचा नवरा, चष्म्यावरून बघत म्हणतात, "नीट ठेवला नसशील." ज्यानं हे मशीन बनवलं त्या विघ्नेशला फोन केला, त्याचा कामणला गाळा आहे, तर तो, "मावशी, काही बटन दाबलं का?" म्हटलं, मेल्या, एकच बटन तू दाखवलंस, तेवढंच दाबते! आला बघायला. कधी? सकाळी दहाला! साठ बघितलं, चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, चालला. म्हटलं, बाराला ये. "बाराला हायवेला ट्रॅफिक असतं, मावशी."

आणि प्रिस्कानं मीटिंग लावली. रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर. विषय एकच: शेडची किल्ली जुलियानाकडून काढून शिकलेल्या बाईकडे द्यावी. सही, शिक्का, सगळं! तुम्हाला सांगते, किल्ली म्हणजे काय, लोखंडाचा तुकडा... पण सकाळी ती कमरेला खोचली ना, की मला वाटायचं, चौथीनंतर दप्तर काढून घेतलं होतं, ते परत मिळालं.

तेवढ्यात नताशा आली. माझ्या भावाची मुलगी, पुण्याला असते, आठ दिवस सुट्टीवर. तिचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातलं, त्याला कर्नल म्हणतात. मी विचारलं, हे काय प्रकरण? म्हणाली, "आत्या, कॉम्प्युटरमध्ये काम करणारे खूप असतात, त्यांचा एक मुकादम असतो. कुणी कधी काम करायचं, कुणी थांबायचं, ते तो ठरवतो. तो मुकादम म्हणजे कर्नल." हे कळलं मला. मिठागरावर मुकादम बघितलेत मी.

बाराला तिला शेडमध्ये उभी केली. आणि त्या पोरीनं काय करावं? स्क्रीन बघितली नाही, आधी दाराला हात लावला! चटकन मागं घेतला. "आत्या, हे साठ नाही." मला भरून आलं हो... मग तिनं स्क्रीन बघितली. "आत्या, घड्याळ बघ. बाराला थांबलंय. हे साठ आत्ताचे नाहीत, बाराचे आहेत. शेगडी पेटलेली राहिलीय आणि ती बंद करणारा अडकून पडलाय." म्हणजे बघा, सगळं गाव महिनाभर शिळं साठ बघत होतं! मी म्हटलं चल, सांगू प्रिस्काला. तर नताशा म्हणते, "ती म्हणणार, थांबलं कशानं? आत्याच्याच हातनं काहीतरी झालं. आपल्याला थांबवणाऱ्याचं नाव पाहिजे."

नाव कसं मिळणार? तर मुकादमाला वही द्यायची! दर क्षणाला कुणी हाक मारली, कुठे गेला, किती वेळ लागला, सगळं लिहायचं. याला ट्रेसिंग म्हणतात. पण विघ्नेशच्या मुकादमाला वहीच नव्हती. "आत्या, बनवताना त्यानं सगळ्याला 'नाही' म्हटलंय. मुकादम परत बनवावा लागेल." मग विघ्नेशकडून मागवलं मुकादम बनवायचं सामान, तो कुरकुरला, मी फोन हातात घेतल्यावर कुरकुर थांबली.

आणि सुरू झाले प्रश्न! तुम्हाला सांगते, माझ्या लग्नात एवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत! ओट्यावर बसलोय, मी वाल सोलतेय, ती लॅपटॉपवर वाचतेय. नव्या मुकादमाला हे हवं का? ते हवं का? उत्तरं तीन: हो, नाही, आणि मॉड्यूल. म्हटलं, मॉड्यूल म्हणजे? "म्हणजे आत्या, कायम घरात नाही, पण हाक मारली की येतो." म्हटलं, असा मिळतो का? आमच्याकडे उलटा आहे, कायम घरात आणि हाक मारली की येत नाही! आतून आवाज आला, "काय म्हणालीस?" बघा!

आणि प्रत्येक प्रश्नाखाली समजावून लिहिलेलं, नताशा मराठीत करून सांगायची, आणि शेवटी एकच ओळ: खात्री नसेल तर नाही म्हणा. पुढचा प्रश्न. खात्री नसेल तर नाही म्हणा. त्याच्या पुढचा. खात्री नसेल तर नाही म्हणा! अहो, केवढं शहाणपण! कुणी लिहिलं हे, त्याला जेवायला घालीन मी! मला खात्री नव्हती, आणि मी चर्चच्या अल्तारासमोर हो म्हटलं, तीस वर्षं झाली! मशीन घेताना खात्री नव्हती, हो म्हटलं! आम्हा बायकांना हे वाक्य सहावीच्या पुस्तकात असेल, मी चौथीलाच सुटले.

पण तेव्हा डोकं तापलेलं. म्हटलं, नताशा, विघ्नेशनं सगळ्याला नाही म्हटलं ना? आपण सगळ्याला हो म्हणायचं! "आत्या, नको." म्हटलं, हो! तिनं कपाळाला हात लावला, पण केलं, आत्याचं कोण मोडणार?

झालं! दुसऱ्या दिवशी मुकादम कामाला लागला, तर लिहीतच बसला! पाऊल टाकलं, लिही. पाऊल उचललं, लिही. लिहायला पेन उचललं, तेही लिही! सरकारी कचेरी झाली हो माझ्या मशीनची! शेगडीकडे बघायला सवड नाही, केळी नुसती घामेजून बसली. आणि बारा वाजले तरी कुणाला वेगळं दिसेना, कारण सकाळपासूनच सगळं खोळंबलेलं! नताशा म्हणते, "बघण्याचंसुद्धा ओझं होतं, आत्या." मला काय सांगतेस? माझी सासू स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायची, तेव्हा मला पोळीसुद्धा गोल यायची नाही!

मग परत प्रश्न. परत खात्री नसेल तर नाही म्हणा. या वेळी मी ऐकलं. नाही, नाही, नाही, मोजून चार हो. मशीन छान चाललं, बाराला अडकलं, आम्ही खूश, जेवून निवांत दीडला वही उघडली... तर बाराचं पानच नाही! सव्वा वाजल्याच्या पुढचंच सगळं! का? तर म्हणे वही गोल असते, संपली की पहिल्या पानावरचं पुसून परत लिहितो. म्हटलं, कागद नाही का दुसरा? "आत्या, एवढ्याशा मशीनला जागा किती असणार?" शुक्रवार गेला तसाच. रविवार आला उंबऱ्यावर, आणि प्रिस्का रस्त्यात भेटली की माझ्या कमरेकडे बघायची, किल्लीकडे!

शनिवारी नताशा म्हणाली, "आता वही नको. आता डोकावायचं." म्हणजे प्रत्येक पाऊल लिहायचं नाही, सेकंदाला नव्याण्णव वेळा चटकन बघायचं, मुकादमाच्या हातात आत्ता काय आहे, आणि मोजायचं. जे जास्त वेळा सापडेल तो चोर. म्हटलं, नव्याण्णव का? शंभराला काय धाड भरली? तर म्हणते, "शंभर केले तर ठोक्याला ठोका जुळतो, आत्या. काम करणारेही त्याच ठोक्यावर चालतात, नेमका चोर सुटून जातो." हे तर मला आधीच माहीत होतं! सासू बरोब्बर चारला खोबऱ्याचा डबा मोजायची, म्हणून मी सव्वाचारला खायची! वेळ चुकवून आली असती तर पहिल्याच वर्षी सापडले असते!

बारा झाले. घंटा झाली. आम्ही दोघी लॅपटॉपवर वाकलेल्या. आणि नताशाच्या लॅपटॉपवर आलं! नव्याण्णवातल्या सत्त्याण्णव वेळा मुकादम एकाच ठिकाणी! काय करतोय? "आत्या... तो स्पीकर शोधतोय." म्हटलं, कसला स्पीकर? या मशीनला स्पीकरच नाही! "म्हणून तर शोधतोय. एक जण म्हणतोय, मला आवाज काढायचाय. मुकादम जाऊन बघतो, स्पीकर नाही. तो म्हणतो, परत बघ. हा परत जातो. चाळीस मिनिटं हेच, मग तो नाद सोडतो. आणि या कामाला सगळ्यात पहिला नंबर दिलाय, त्यामुळे शेगडीवाला, घड्याळवाला, सगळे रांगेत उभे." म्हटलं, कोण तो? वाच नाव! नताशानं वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. "आत्या, ही बाराची प्रार्थना आहे."

देवा! घंटा झाली की आम्ही थांबून म्हणतो ना, ती! मशीन म्हणत होतं! तोंड नसताना!

रविवारी मीटिंग. पंचवीस बायका, खुर्च्या कमी, तोंडं जास्त. नताशानं सगळं दाखवलं. विघ्नेशला फोन लावून टेबलावर ठेवला. "मी काय करू? बाराला मशीननं प्रार्थना लावायची, हे प्रिस्का मॅडमनी सांगितलेलं. म्हणाल्या, प्रार्थनेच्या आड काही येता कामा नये, म्हणून पहिला नंबर दिला." सगळ्या माना वळल्या. प्रिस्का उठली, लाजेल म्हणता? छे! "हो, मीच सांगितलं. गावातलं एकेक माणूस बाराला थांबतं, मशीन काय आभाळातून पडलंय?" मी म्हटलं, बाई, आवाज येत नव्हता, तुला संशय नाही आला? तर काय म्हणाली ठाऊक आहे? "मला वाटलं, मनातल्या मनात म्हणतंय."

आता बोला! बारावी!

किल्ली माझ्याकडेच राहिली, हात वर झाले, मोजले, तेवीस. प्रार्थना काढायची ठरली, पण काढणार कोण? देवाचं नाव पुसायला कुणाचं बोट पुढे येईना. लॅपटॉपची स्क्रीन विचारतेय, काढू का, हो की नाही? आमची सेक्रेटरी हिल्डा माझंच वाक्य माझ्या कानात कुजबुजते, "अगं, खात्री नसेल तर नाही म्हण." म्हटलं, आज खात्री आहे! 'हो' दाबलं. आणि क्रूसाची खूण करून सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून मशीनच्या वाटणीची प्रार्थना मी म्हणीन, मला तोंड आहे. तेवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

पण हिल्डाची वही उघडीच. "तीन खेपा जळाल्या, दोष कुणाचा, एक नाव लिहावंच लागतं." म्हटलं, लिही प्रिस्का. तर निम्म्या बायका उसळल्या, प्रार्थना सांगणारीला दोष? पाप लागेल! मग विघ्नेश? त्यानं सांगितलं ते केलं. मुकादम? त्या बिचाऱ्यानं तर चाळीस-चाळीस मिनिटं हेलपाटे घातले! तासभर झाला, पोटात कावळे, घरी नवरे उपाशी, पेन हवेत. शेवटी म्हटलं, हिल्डा, बाराच्या प्रार्थनेत आपण कुणाची गोष्ट सांगतो? "देवदूताची. मरियेकडे निरोप घेऊन आला, त्याची." म्हटलं, न सांगता आला? "न सांगता." हातातली कामं थांबवून? हिल्डानं प्रिस्काकडे बघितलं, प्रिस्कानं घड्याळाकडे, आणि कुणीच नाही म्हणेना. मग काय... वहीत आहे, जाऊन बघा, खाली पंचवीस सह्या, पहिली प्रिस्काची. दोष: देवदूत गॅब्रिएल.