आजीच्या पातेल्याचा दांडा

बनशंकरीच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांना न्यायला त्यांची भाची मोटारसायकल घेऊन आली होती. पण ते रांग सोडायला तयार नव्हते.

"रम्या, घरी ओतलेल्या गिअरच्या दांड्यावर मी जीव टांगणार नाही."

"जीव सीटवर ठेवा, मामा. दांड्यावर माझी टाच असते."

"दुकानातून आणायचा."

"डावा पंजा मला वर उचलता येत नाही, टाचेनं दाबायचा दांडा द्या म्हटलं, तर म्हणाले, स्कूटर घ्या. मग मीच परसात वाळूचा साचा केला."

"पहिला मोडला म्हणे."

"आत पोकळ राहिला होता. दुसरा दोन महिने चालतोय."

"आणि त्यासाठी अम्माचं जर्मनचं पातेलं वितळवलंस!"

"ते गळत होतं."

"त्यावर तिचं नाव होतं. आता तू आजीच्या नावावर पाय देतेस."

"नावाचा तुकडा आधी कापून घेतला. हा बघा, वर किल्लीजवळ बसवलाय. वाचा."

"सौ. पद्मावती."

"तुमची बस आली, मामा. तिकडे चढा, नाहीतर इथे बसा."

"सरी, बरं, हेल्मेट दे. आणि स्वल्प हळू चालव."