जीपमधला भरिताचा वास

नाही पण, माझ्या आठवणीवर तुम्ही विश्वास कशाला ठेवायचा, माझाच नाही! बेबाबाईंच्या सत्कारात दोन शब्द बोला म्हणालात, बोलतो, पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी जीपमध्ये भरिताचा वास येत होता की नव्हता, इथूनच माझी पंचाईत... असू दे. मुळापासून सांगतो.

आपल्या चोपड्यात फुकट तपासणीचं शिबिर लावा, पुरुष माणूस येतो का? नाव नको! ‘मले काय व्हयेल शे?’ म्हणतो आणि केळीच्या बागेत जाऊन बसतो. पण भरीत पार्टी म्हणा! पाय प्लॅस्टरमध्ये असलेलासुद्धा लंगडत येतो. हे बेबाबाईंनी हेरलं. त्यांचे मालक बागेत पाणी भरता भरता कोसळले ते गेलेच, जन्मात कधी बीपी मोजलं नव्हतं. त्यानंतर ही बाई, सगळ्यांची अक्का, मळ्यामळ्यातून फिरायला लागली. वांगी मागून, डॉक्टर मागून, चुलीला कपाशीच्या काड्यासुद्धा मागून! आणि मळ्याच्या तोंडाशी स्वतः उभी, ‘आधी हात, मंग ताट!’ दंडाला पट्टा बांधल्याशिवाय भाकरीचा तुकडा नाही. सरपंच असो, व्याही असो, आधी हात, मंग ताट!

आता मी, तुमचा नाना. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, वांग्यावरच्या रोगांवर पीएच.डी.! पान बघून वांग्याचा रोग सांगायचो, आणि स्वतःच्या दंडाला पट्टा म्हटलं की घाम. का? अहो, काही निघालं तर? न कळता माणूस किती सुखी असतो! म्हणजे... सुखी नव्हतोच, येता-जाता छातीवर हात ठेवून बघायचो, पण निदान खात्री तर नव्हती!

त्या दिवशी सकाळपासून डोकं ठणकत होतं. पण वारा असा फिरला की भाजलेल्या वांग्यांचा वास थेट ओसरीवर! निघालो. म्हटलं, एवढं शिकलो ते कशासाठी? मागच्या बाजूने, केळीतून, वाकून वाकून शिरलो आणि पंगतीत बसलो. ताट आलं... हिरवट भरीत, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तुकडा मोडला, भरितात बुडवला, तोंडापर्यंत नेला...

‘नाऽऽना! कथाईन उनात, केळीमाईन? आधी हात, मंग ताट!’

अख्खी पंगत वळली. ‘अक्का, मी नुसती चव...’

‘चव मंग दखा! हात!’

हसताय काय बेबाबाई, आवाज असाच होता तुमचा! पट्टा फुगला. डॉक्टरांनी पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या दंडाला. मग डॉक्टर गप्प. तुम्हाला सांगतो, डॉक्टर बोलतो तेव्हा भीती वाटते, पण तो गप्प बसतो ना...! ‘जळगाव. आत्ताच्या आत्ता.’ बाईंनी माझं ताट उचललं, रुपचंदला हाक मारली, त्याच्या जीपमध्ये मला मागे आडवा घातला आणि स्वतः पुढे बसल्या. मी रडकुंडीला. ‘अक्का, मी मरतो का हो?’

‘कसा मरशात? अजून भरीत खायेल नही!’

आणि त्या वाटेवर मला भरिताचा वास यायला लागला. लसूण, मिरची, सगळं! मळा कुठल्या कुठे मागे राहिला, तरी वास! दवाखान्यात सांगितलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, ‘सर, मेंदूवर ताण आला की नसलेले वासही येतात. तुम्ही आणखी एक दिवस थांबला असतात तर...’ आणि वाक्य सोडून गेले पुढच्या खाटेकडे. ते वाक्य मी आजतागायत पुरं करतोय!

म्हणजे वाचलो तो या बाईंमुळे. नातीच्या लग्नात अक्षता टाकल्या, त्या यांच्यामुळे. सकाळी गोळी गिळताना देवाच्या आधी यांचं नाव येतं तोंडात, खरंच सांगतो. पण तो वास! इतकी वर्षं धास्ती. कुणाकडे भरीत असलं की मी हळूच आमच्या हिला विचारणार, ‘तुलाही वास येतोय ना? नक्की?’

आज सकाळी रुपचंद मला इथे आणायला आला. तीच जीप. इतक्या वर्षांनी धीर केला, विचारलं.

‘वास? यीनच ना, नाना! अक्का पुढे बशीसन तुमनंच ताट खाई राहिंती!’

‘माझं? मी मागे मरतोय, आणि माझं ताट?’

‘मंग काय! सगळासना हात व्हतस तोपावत अक्का घास घेस नही. दिनभर उपाशी व्हती. शेवटला हात तुमना. हात झाया... मंग ताट!’

चला. डोकं शाबूत होतं माझं. भरीत तेवढं गेलं.