तोंडाच्या वीतभर वर

…नाही, मी म्हणतो, बंदूक विकत घ्यायला आलेल्या माणसावरच ती बंदूक चालवून दाखवायची, ही कुठली विकायची रीत? मोटार घ्यायला गेलं तर अंगावरून घालून दाखवतात का? दाखवतात का, सांगा तुम्ही! हा कान बघा. याचं वरचं टोक नाहीये, ते गोळीनं नाही गेलं, ते माझ्या मेहुण्यानं चावलंय, त्याच्याकडे मी येतोच… पण ही टोपी बघा. पुढून भोक, मागून भोक, आणि मधे मी होतो हो! मधे मी!

आणि हे सगळं कशापायी? एका डुकरापायी. आणि तुम्हाला सांगतो, त्या डुकराच्या बाबतीत दोष बंदुकीचा होता. वर्षभर सांगतोय, घसा बसला सांगून, दोष बंदुकीचा होता!

गेल्या वर्षीची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या आमच्या मोठ्या सणाच्या आठवड्यात सासऱ्यांकडे डुक्कर कापतात, सगळ्या मडलिक खोऱ्यात कापतात, तसंच. चाळीस वर्षं गोळी घालायचा मान सासऱ्यांचा. हॉबर्ट साइझमोर म्हणजे बोलून बोलून दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, त्यातले दोन कुत्र्याशी. गेल्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आपली बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जावईबापू, यंदा तुम्ही." छाती अशी फुगली माझी! बावीस वर्षं या घरचा जावई आहे, पहिल्यांदा कुणी काही हातात दिलं. मी नेम धरला. दोन डोळ्यांच्या मधे, जरासं वर, अगदी शास्त्रोक्त. चाप ओढला. आणि डुकराच्या कानाला एवढंसं भोक पडलं… बाळीसाठी पाडतात ना, तेवढं.

मग काय विचारता! ते जे किंचाळलं, आणि जे निघालं! उकळत्या पाण्याचं पिंप उलथंपालथं, ते पाणी मेहुण्याच्या बुटात, मेहुणा एका पायावर नाचतोय, सुऱ्यांचं टेबल आडवं, आणि सासरे वाट अडवायला पुढे झाले ते डुकराच्या पाठीवर उलटे बसून ओसरीच्या कठड्यातून आरपार गेले. पाय दोन जागी मोडला. चिखलात पडल्या पडल्या त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, "आण." मी बंदूक दिली. आडवं पडून, मोडक्या पायानं, धावत्या डुकराला… एक गोळी. संपलं.

आणि तेव्हा मी म्हणालो, "दोष बंदुकीचा होता."

आता मान्य आहे, वेळ चुकली माझी. बंदूक सासऱ्यांची, आणि तिनंच आत्ता सगळ्यांदेखत डुक्कर पाडलेलं. पण तोंडातून गेलं ते गेलं! गुरुवारी सणाचं जेवायला बसलो, तर मोठ्या टेबलावर माझी खुर्चीच नाही. बायको डोळ्यांनी दाखवतेय… तिकडे. तिकडे म्हणजे पोरांचं टेबल! घडीचं! बावन्न वर्षांचा मी, गुडघे हनुवटीला लागलेले, डाव्या हाताला चार वर्षांची भाची, उजव्या हाताला नाकातून दूध काढणारा भाचा, हातात प्लास्टिकचा चमचा, आणि टर्कीचा कुठला तुकडा आला, तर मान. ईस्टरला परत तिथंच. सासऱ्यांच्या वाढदिवसाला तिथंच. सांगायला लाज वाटते, पण एकदा मी गाडीत बसून रडलो. भाचीला वाटलं मला केक कमी मिळाला, तिनं तिचा अर्धा आणून दिला.

म्हणून ठरवलं, यंदा आपली स्वतःची बंदूक. यंदा मी डुक्कर एका गोळीत पाडणार आणि मोठ्या टेबलावर जाऊन बसणार. बायको म्हणाली, तिचं नाव ओलीटा, तिचा आवाज असा, भांडं खरवडल्यासारखा… "एमरी, अरे बंदूक बदलून काय होणार? चाप ओढणारा तोच ना?" बघा! घरचीच!

तेवढ्यात पशुखाद्याच्या दुकानात फळ्यावर चिठ्ठी. 'जुनी कडीची (लिव्हरची) पॉइंट टू-टू बंदूक विकणे आहे. साठ वर्षांत एकदाही चुकलेली नाही. आयसी प्रॉप्स्ट, वरची खिंड.' एकदाही चुकलेली नाही! मला हीच बंदूक पाहिजे होती. मला न चुकणारी बंदूक पाहिजे होती, माझं बाकी काही म्हणणंच नव्हतं.

गेलो शनिवारी सकाळी. आयसीमावशी ओसरीवर बसलेली. चौऱ्याऐंशी वर्षांची, वाळक्या शेंगेएवढी, आणि मांडीवर ती… काय सांगू तुम्हाला! अक्रोडाचा दस्ता, साठ वर्षं एकाच गालाला लागून लागून तिथं गुळगुळीत झालेला. नळीवरचा काळा मुलामा जिथं हात धरायचा तिथं उडालेला, आत रुपेरी लोखंड दिसतंय. आणि ती खालची कडी, तिच्यात बोटं घालून खाली ओढली, वर नेली की खट्-खट्! लोण्यात सुरी फिरावी तशी. मी म्हटलं, "मावशी, घेतली." आणि दस्त्याला हात लावतोय, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "दाजी, सोडा ती."

मेहुणा! डॉर्सी! उकळत्या बुटातला! म्हणे, "मीच घेणार ही बंदूक."

"तुला कशाला रे? तुझ्याकडे सहा आहेत."

"तुमच्याकडे जाऊ नये म्हणून. बाबांचा आता एकच पाय धड उरलाय."

सांगा, राग येईल की नाही? मी दस्ता धरला, त्यानं नळी धरली. मी ओढतोय, तो ओढतोय, तेवढ्यात कडी मिटली आणि माझं बोट आत! त्यानं मुद्दाम मिटवली, माझी खात्री आहे. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्यानं माझ्या नाकावर डोकं आपटलं. मी त्याच्या गळ्यातला रुमाल पिळला, तो जांभळा पडायला लागला, आणि जांभळा पडता पडता त्यानं माझा कान तोंडात धरला. तुमचा कुणी कान चावलाय कधी? दुखतं ते नंतर. आधी आवाज येतो, गाजर खाल्ल्यासारखा, आणि तो आपल्याच कानातून! मी त्याचे दोन दात पाडले. कोंबड्या ओरडतायत, रक्त उडतंय, आम्ही चिखलात लोळतोय… आणि बंदूक? बंदूक मावशीनं केव्हाच काढून घेतली होती, आम्ही नुसतंच एकमेकांना धरलेलं.

म्हातारी म्हणाली, "आवाज बंद करा, मेल्यांनो. माझ्या कोंबड्या बुजतात."

आम्ही नाही केला. म्हणजे कसा करणार? माझा कान त्याच्या तोंडात! मग काडतुसं सरकवल्याचा आवाज आला. टिक, टिक, टिक. मग खट्-खट्, आणि पुन्हा एक टिक. मी म्हटलं, "मावशी, थांबा, मी गिऱ्हाईक आहे!" आणि ठाँय! टोपी उडाली. डोक्यावरून! मी उडी मारली ती गुरांच्या पाण्याच्या हौदामागे, डॉर्सी माझ्या अंगावर. तो ओरडला, "ए म्हातारे, वेड लागलंय काय?" ठाँय! त्याची टोपी. मी म्हटलं, "मावशी, देवाशपथ, भांडण मिटलं!" ठाँय! डोक्यावर हौदाची फळी फुटली, ढलप्या डोळ्यांत. जितका मी विनवतोय तितक्या गोळ्या! मी माफी मागतोय, गोळी. मी आईची आठवण काढतोय, गोळी. मी प्रार्थना म्हणायला लागलो, तर 'आमेन'वर गोळी! हौदाला भोकं पडून नोव्हेंबरचं ते बर्फासारखं पाणी माझ्या पाठीवर, आणि डॉर्सी आपला बोटांवर मोजतोय, पुटपुटत… "तेरा… चौदा… दाजी, काडतुसांच्या नळकांड्यात पंधराच बसतात… पंधरा! संपल्या!" आणि उठून उभा राहिला, दात नसलेल्या तोंडानं हसत, म्हणाला, "आता ये, म्हातारे!"

ठाँय.

सोळावी! नळकांड्यात पंधरा आणि एक आधीच वर नळीत चढवलेली! लहानपणापासून बंदुका हाताळतोय गाढव, वर चढवलेली कधी मोजायची विसरतात का? त्याच्या डोक्यावरच्या केसांत मधोमध एक रस्ता पडला, पक्का, नांगरल्यासारखा. तो जो बसला तो बराच वेळ बसूनच राहिला.

मग म्हातारी म्हणाली, "हं. आता बोला. कोण घेतंय?"

मी हौदामागूनच विचारलं, अगदी हळू… "मावशी, इतकी झकास बंदूक, असा नेम… विकताय कशाला?"

तर म्हणाली, "मोतीबिंदू, पोरा. दोन्ही डोळ्यांत. वर्षभर काही दिसत नाही मला. आवाजावर मारते. तोंडाच्या वीतभर वर."

सोळा गोळ्या! आंधळी! आणि बहुतेक वेळी तोंड मी उघडत होतो! गप्प बसलो असतो तर एकही झाडली नसती तिनं… बावन्न वर्षं लोक मला सांगतायत, एमरी, गप्प बस, एमरी, गप्प बस…

तरी घेतली हो. तीनशे डॉलर मोजले, ओल्या हातानं. मग म्हातारी म्हणाली, "घेतोयस तर चालवून बघ." कुंपणावर डबा ठेवला, वीस पावलांवर. मी नेम धरला. गेली. दुसरी. गेली. पाचवी कुठं गेली देव जाणे. सहावी सापडली, माझ्याच पिकअपच्या पुढच्या टायरमध्ये. म्हातारीनं मान कलती करून हवा सुटल्याचा आवाज ऐकला. म्हणाली, "पोरा, या बंदुकीत काही दोष नाही."

आणि हे डॉर्सीच्या देखत! दोन दात गेलेले, भांग पडलेला, पण बेटा असा काही गोड हसला, आणि मी टायर बदलेपर्यंत त्यानं खाली जाऊन सगळ्या खोऱ्याला सांगून टाकलं.

घरी पोचलो तर सासरे दारात, काठी टेकून. बंदूक हातात घेतली, कडी ओढली, खट्-खट्. गालाला लावली. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. म्हणाले, "बंदूक चांगली घेतलीस." बावीस वर्षांत पहिलं कौतुक! मला वाटलं, जिंकली. मला वाटलं, खुर्ची आली. मग त्यांनी महिन्याभराचे शब्द वापरायला काढले. म्हणाले, "आता आयसीला घेऊन ये. गोळी ती घालेल."

मी म्हटलं, "अहो, तिला दिसत नाही!"

"आवाजावर मारते ना? तोंडाच्या वीतभर वर. डुकराचं कपाळ तिथंच असतं."

बरोबर आहे, मोजलं मी, तिथंच असतं! पण एक गोची आहे. गेल्या वर्षीच्या किंचाळण्याला घाबरून सासऱ्यांनी यंदा मुद्दाम गरीब डुक्कर पाळलंय. खातं, लोळतं, पण हूं नाही की चूं नाही. मुकंच! मी म्हटलं, मग आवाज कोण करणार?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासरे, मेहुणा… बायको! बायको म्हणाली, "एमरी, तुला तेवढं एकच येतं."

तर उद्या सकाळी मी डुकराशेजारी गुडघे टेकून, त्याच्या तोंडाला तोंड लावून हुंकार द्यायचा, आणि दिला की ताबडतोब डोकं खाली. ताबडतोब! सासऱ्यांनी वचन दिलंय, उठून उभा राहिलास तर खुर्ची मोठ्या टेबलावर. डॉर्सीनं आत्ताच विचारून ठेवलंय, नाही उठले तर ती खुर्ची त्याच्या पोराला मिळेल का. भाची तेवढी आपली आहे, म्हणाली, मी पोरांच्या टेबलावर तुमची जागा धरून ठेवते. आणि काही कमीजास्त झालंच, तर तुम्ही सगळे साक्षीला आहात, माझ्या वतीनं एवढं सांगा… दोष बंदुकीचा नव्हता.